गिरणीच्या आवाजाखालचं बोलणं

फोनमधली साळूबाई गेल्याचं जयसिंग वाळंजला पिरंगुटच्या बाजारात कळलं, केळीच्या गाडीपुढे.

साळूबाई स्वतः आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात गेली होती. दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही. मागे तिची पिठाची गिरणी राहिली, जयसिंग राहिला आणि जयसिंगच्या फोनमध्ये तिचे बोललेले निरोप राहिले. त्यात विशेष काही नव्हतं. "येताना कोथिंबीर आणा." "कुटं हाय तुमी? दळणाला गर्दी झालीया." "भुकूमला चहाला थांबलाय न्हवं? मला म्हाईत हाय." जयसिंग रोज सकाळी गिरणी सुरू करायच्या आधी चहाबरोबर एक निरोप ऐकायचा. एकच. बाकीचे उद्याला ठेवायचा.

फोन भरला, काही केल्या चालेना, म्हणून तो पिरंगुटला मोबाइलच्या दुकानात गेला. दुकानातल्या माणसानं फोन उघडून बघितला.

"काका, निम्मा फोन गुड मॉर्निंगच्या फुलांनी भरलाय."

"मग ती फुलं टाक काढून."

फुलं गेली. फुलांबरोबर सगळंच गेलं. हे जयसिंगला केळीच्या गाडीपुढे उभं राहून फोन कानाला लावला तेव्हा समजलं. त्यानं फोन उलटा करून बघितला, पुसला, पुन्हा कानाला लावला. केळीवाल्यानं विचारलं, "बाबा, बरं वाटत न्हाई का?"

"बरं हाय. डझनभर दे."

घरात माणूस एक आणि केळी बारा. बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की साळूबाई असती तर केळ्यांवरूनच एक निरोप आला असता.

गिरणीपुढच्या बाकड्यावर गेणबा बसला होता. गेणबा म्हणजे जयसिंगचा चुलतभाऊ. लग्न केलं नाही, दोन म्हशी केल्या. म्हशींचं आटोपलं की दिवसभर त्याचा मुक्काम त्या बाकड्यावर. साळूबाई त्याला गिरणीचा वॉचमन म्हणायची.

जयसिंगनं झालं ते सांगितलं. गेणबानं ऐकून घेतलं, दोन केळी खाल्ली आणि म्हणाला, "एक हाय माज्याकडं."

"काय हाय?"

"वहिनीचा निरोप. तूच धाडला हुतास. मी कायबी पुसत न्हाई. माज्या फोनात पार सरपंचाच्या बारशाचं फोटू हायेत."

जयसिंगला आठवलं. दोन हिवाळ्यांपूर्वी भाचीच्या लग्नाचा बस्ता बांधायला तो पुण्याला गेला होता. कापडाच्या दुकानात असताना साळूबाईचा निरोप आला. ऐकला तर नुसती गिरणी. घर्र, घर्र, घर्र. बोलणं आहे एवढं कळत होतं, काय ते कळत नव्हतं. गिरणीवाल्यांची ही जुनी रीत. खाजगी काही बोलायचं असलं की गिरणी बंद करायची नाही, उलट चालू करायची. चालू गिरणीत बोललेलं बाहेरच्या बायकांना ऐकू जात नाही. साळूबाईनं बोलताना तीच रीत पाळली. पण फोनलाही ऐकू येणार नाही, हे तिच्या ध्यानात आलं नसावं. जयसिंगनं तो निरोप जसाच्या तसा गेणबाला पाठवून दिला, कारण गेणबा गिरणीपुढेच बसलेला असणार. वर निरोप दिला, "वहिनीला विचार, काय म्हन्तीया."

"मी विचारलं की," गेणबा म्हणाला. "तिला म्हन्लं, दादानं ह्यो निरोप माज्याकडं धाडलाय, त्याला ऐकू येत न्हाई. तर वहिनी अशी हसली, अशी हसली, डोळ्याला पदर लावला. म्हन्ली, काय न्हाई भावजी, राहू द्या."

"आन काय म्हन्ली न्हाई?"

"न्हाई. येक भाकर जास्त वाढली."

जयसिंग घरी आला तेव्हा त्यालाही ती "राहू द्या" म्हणाली होती आणि पुन्हा हसली होती. त्यानं राहू दिलं. आता तेवढंच राहिलं होतं. दोघांनी बाकड्यावर डोक्याला डोकं लावून तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. घर्र, घर्र.

"तिला काय सांगायचं हुतं तेवढं कळलं पायजे," जयसिंग म्हणाला. "बाकी गेलं ते गेलं."

गिरणीच्या वरच्या खोलीत स्वरदा भाड्यानं राहायची. मूळची नाशिकची. पुण्याच्या कॉलेजात विजेवर मोठी पदवी करत होती. गिरणीच्या मोटरीचा कंडेन्सर सारखा उडायचा, म्हणून तिनं स्वतःहून गिरणीच्या बोर्डाला एक डबी लावली होती. डबीतनं वायर निघून तिच्या लॅपटॉपला जायची. गेणबा दळणाला आलेल्या बायकांना सांगायचा, "म्याडम गिरणीचा ईसीजी काढत्यात."

संध्याकाळी ती आली तेव्हा जयसिंगनं तिच्यापुढं केळी ठेवली आणि निरोप ऐकवला. स्वरदानं डोळे मिटून ऐकला आणि खूश झाली.

"काका, हे फारच भारी आहे!"

"तुला कळलं ती काय म्हन्ली?"

"नाही, नाही. बोलणं नाही. मागचा आवाज!"

मग तिनं समजावून सांगितलं. लाइनची वीज म्हणजे एक लाट. सेकंदाला पन्नास वेळा वरखाली. पण घराघरांतले चार्जर, दिवे, कारखान्यांतल्या मोटरी फिरवणाऱ्या पेट्या, असं काय काय लाइनवर येतं आणि त्या मोठ्या लाटेवर बारक्या लाटा चढतात. पन्नासच्या तिप्पट, पाचपट, सातपट. त्यांना हार्मोनिक्स म्हणायचं. त्यांनीच कंडेन्सर तापतो आणि मोटर घुमते तीही त्यांच्याच तालावर. कुठली बारकी लाट किती मोठी आहे, हे शोधायचं हाच तिचा अभ्यास. आजची लाट डबी सांगते. पण पलीकडच्या माळावर कारखान्यांच्या नव्या शेड यायच्या आधी लाइन कशी होती, हे तिला कुठेच मिळत नव्हतं. ते या निरोपात होतं.

"म्हंजी माजी बायको बोलतीया, आन तू मोटर ऐकतीयास," जयसिंग म्हणाला.

"हो ना. आम्ही ह्या लाटा मोजून बाजूला काढतो. खाली जे उरतं त्याला आम्ही कचरा म्हणतो." एवढं बोलून तिनं जीभ चावली. "सॉरी काका."

"आगं, सॉरी काय त्यात? मोटर तू घे. कचरा मला दे."

सौदा ठरला. पण लाटा मोजायच्या कशा, हे गेणबाला कळायला पाहिजे होतं. तो बाकड्यावरून उठून आत आला.

"अंदाजानं," स्वरदा म्हणाली. "एकदम पन्नास-शंभर अंदाज सोडायचे. एक अंदाज म्हणतो, पाचपटीची लाट एवढी, सातपटीची तेवढी. दुसरा वेगळंच म्हणतो. प्रत्येक अंदाजाचा आवाज खऱ्या आवाजातून वजा करून बघायचा. ज्याचं कमी उरलं तो खऱ्याच्या जवळ. मग बाकीचे अंदाज थोडे थोडे त्याच्याकडे सरकतात, पुन्हा वजा करतात, पुन्हा सरकतात. असं करत सगळी झुंड एका ठिकाणी जमते."

"म्हस हुडकत्यात तसं," गेणबा म्हणाला. "माजी म्हस डोंगरात गेली हुती तवा असंच केलं. समदी पांगली. एकाला शेण गावलं, त्यानं हाळी दिली, बाकीची त्याच्याकडं वळत गेली."

"अगदी तसंच!"

"आन समदी जमली म्हशीपाशी. बघत्यात तर ती वरल्या वाडीतल्या धाकलूची म्हस. माजी पल्याडच्या ओढ्यात बसल्याली."

स्वरदा इतकी हसली की तिला ठसका लागला. "काका, आमच्याकडे हेच होतं. झुंड चुकीच्या ठिकाणी जमते आणि वाटतं की सापडलं. त्यासाठी चार-दोन अंदाज मुद्दाम लांब हिंडत ठेवायचे."

"आमी ठेवलं न्हवतं," गेणबा म्हणाला. "समद्यांना चहाची घाई."

चार-पाच दिवसांनी स्वरदानं पहिला कचरा आणला. जयसिंगनं तिचे हेडफोन कानाला लावले. घरघर पुष्कळ कमी झाली होती. तिच्या खाली कोणीतरी विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखं बोलत होतं. सुरुवातीचा एक शब्द मात्र अगदी वर आला होता.

"आवं."

जयसिंगनं हेडफोन काढले, पुसले, पुन्हा लावले. "आवं." साळूबाईनं त्याला उभ्या जन्मात दुसऱ्या नावानं हाक मारली नव्हती.

"माज्यावर चिडल्याली न्हाई," तो गेणबाला म्हणाला. "चिडल्यावर ह्यो 'आवं' लांब हुतो."

स्वरदाला आणखी एक गोष्ट हवी होती. गिरणीचे स्वतःचे आवाज कुठले, हे कळलं तर झुंडीला कुठून निघायचं ते कळेल. दुसऱ्या दिवशी तिनं कॉलेजातनं फोन केला. "काका, आज गिरणीचा नुसता आवाज रेकॉर्ड करून पाठवाल? कोणी बोलायचं नाही, फक्त गिरणी."

आता गिरणीचा आवाज पुण्याला कॉलेजात जाणार म्हटल्यावर जयसिंग तसाच कसा पाठवेल? त्यानं दळण बंद ठेवलं. दगड उतरवून त्यांना टाकी लावली, छिन्नीनं टोचून धार आणली. बेअरिंगला तेल दिलं. जुना पट्टा झिजला होता, जोडावर सुटत आला होता, तो काढून नवा चढवला. भिंतीवरचं पीठ झाडलं. मोटरीला हळदकुंकू लावलं. मग गिरणी चालू करून फोन धरून उभा राहिला. गिरणी अशी गोड चालली की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं.

संध्याकाळी स्वरदा जिन्यावरनं खाली आली तेव्हा तिचं तोंड उतरलं होतं.

"काका, होता तो 'आवं' पण गेला. सगळे अंदाज भलतीकडेच जमतायत. गिरणी बदलली का तुम्ही?"

"न्हाई. तीच हाय."

"आवाज वेगळा आहे."

"चांगला आलाय न्हवं?" जयसिंग म्हणाला. मग काय काय केलं ते त्यानं हौसेनं सांगितलं. सांगता सांगता स्वरदाचा चेहरा बघून त्याचा आवाज बारीक होत गेला. "फोटू काढायचा म्हन्ल्यावर माणूस तोंड धुतंच की गं."

स्वरदानं कपाळाला हात लावला. मग दळणाच्या डब्यावर बसली आणि हसायला लागली. गेणबा हसला. जयसिंगही हसला, पण त्याला आत कळलं की साळूबाई ज्या गिरणीत बोलली ती गिरणी आता राहिली नाही. मोबाइलवाल्यानं एकदा पुसलं, आता आपण आपल्या हातानं पुसलं. तो उठून मोटरीजवळ गेला आणि उगाच पट्ट्यावर हात ठेवून उभा राहिला.

"जुनं परत करता येतंय का बघू की," तो म्हणाला. "जुना पट्टा कुटं टाकला मी?"

गेणबा खाकरला. "माज्या बाजंला हाय."

"कुटं?"

"बाज खाली आली हुती. तूच म्हन्लास, घेऊन जा. खालनं करकचून बांधलाय. लई झ्याक झोप लागतीया."

"सोड तो."

"आरं, पाठ—"

"गेणबा, सोड."

बाज सुटली. त्या आठवड्यात गेणबा जमिनीवर झोपला आणि भेटेल त्याला सांगत सुटला की आपण शास्त्रासाठी झोपतोय. पट्टा परत गिरणीवर चढला. टाकी लावलेले दगड बोथट करायचे तर खूप दळायला पाहिजे, म्हणून जयसिंगनं सगळ्या आळीला सांगितलं की जनावरांचा भरडा आपल्याकडे आणा. मका आला, हरभऱ्याची चुणी आली. गिरणी सकाळपासून अंधार पडेपर्यंत चालली. गेणबाच्या म्हशींनी इतका भरडा खाल्ला की दूध वाढलं. बेअरिंगचं तेल तेवढं परत काढता येईना.

"अगदी तशीच नको," स्वरदा म्हणाली. "जवळपास आली तरी झुंडीला वाट सापडेल."

ती स्वतः गिरणीत येऊन उभी राहिली, तेव्हा जुन्या पट्ट्याचा जोड फिरत फिरत येऊन टक, टक करत होता. स्वरदानं बोट वर केलं. "ही टक कसली?"

"जोडाची. फेऱ्याला एकदा."

"ही लाइनची नाही. पन्नासच्या कुठल्याच पटीत बसत नाही. आणि दगडाची घरघर पण नाही बसत, तो त्याच्या गतीनं फिरतो." ती कागद शोधायला लागली, सापडेना, मग पिठाच्या पत्र्यावर बोटानंच आकडे काढले. "मी फक्त विजेच्या लाटा शोधत होते. निरोपात वीज पण आहे आणि गिरणी पण. झुंडीला दोन्ही शोधायला सांगायला हवं."

"दोन म्हशी," गेणबा म्हणाला.

"दोन म्हशी," ती म्हणाली आणि वर पळाली.

रविवारी दुपारी तिनं दोघांना बाकड्यावर बसवलं. गिरणी बंद होती. तिनं लॅपटॉप दळणाच्या डब्यावर ठेवला, छोटा स्पीकर जोडला. "सगळं नाही निघालं," ती म्हणाली. "फोननं आधीच बरंच गाळलेलं असतं. पण ऐका."

आधी बारीक खरखर आली. मग साळूबाई गिरणीत उभी असल्यासारखी बोलली.

"आवं, ऐकताय का? मी गिरणी चालूच ठेवलीया. भाईर गेणबाभावजी बसल्यात, त्यांना ऐकू जायाला नगं. बस्ता बांधायला गेलायसा तर त्यांच्यासाठी एक सवेटर घ्या. हाय ते कोपरावर फाटलंया, आन ते कवा सांगायचं न्हाईत. मी सांगितलं म्हणू नगा. म्हणायचं, मला आणलं हुतं, तंग झालं. दिल्यालं घेत न्हाईत ते. तंग झाल्यालं घेत्यात. आन तुमच्यासाठी—"

इथे वरून कोणाचं तरी दळण ओतलं गेलं. गव्हाच्या सरीखाली बोलणं बुडालं आणि निरोप संपला.

रस्त्यावरनं बस गेली. गेणबानं हळूच आपलं कोपर पोटाशी घेतलं. अंगात तेच स्वेटर होतं. दोन हिवाळे झाले होते आणि भोकातनं आता शर्टाची बाही बाहेर आली होती.

तेव्हा जयसिंगला कळलं की साळूबाई पदर डोळ्याला लावून का हसली. ज्याच्यापासून लपवायचं त्याच्याच हातात त्यानं निरोप दिला होता. आणि "काय न्हाई, राहू द्या" म्हणण्याशिवाय तिला काही इलाज नव्हता, कारण गेणबा तिच्यापुढेच उभा होता; आणि जयसिंग घरी आला तोवर खरेदी होऊन गेली होती. जयसिंगला असं हसू आलं की त्यानं तोंड फिरवलं. हसता हसता डोळे भरले ते त्यानं पिठाच्या हातानं पुसले.

गेणबा खाली बघत म्हणाला, "मला काय कळलं न्हाई बाबा. नुसतीच घरघर. तुला कळलं का, दादा?"

जयसिंगनं त्याच्याकडे बघितलं.

"न्हाई," तो म्हणाला. "मला बी न्हाई."

"काका, पण इतकं स्पष्ट—" स्वरदा म्हणाली. मग तिनं एकाकडे बघितलं, दुसऱ्याकडे बघितलं, गेणबाच्या कोपराकडे बघितलं. "हो," ती म्हणाली. "अजून साफ करावं लागेल."

दुसऱ्या दिवशी जयसिंग पिरंगुटला गेला. गेणबाचं अंग त्याच्यापेक्षा बारीक, म्हणून त्यानं आपल्याला खांद्यात अडकेल असं बघून घेतलं. तपकिरी, पुढनं चेनचं. दुकानदार म्हणाला, "काका, मोठं घ्या, हे तुम्हाला बसत नाही." जयसिंग म्हणाला, "म्हणूनच घेतोय."

गिरणीवर येऊन त्यानं गेणबासमोर ते अंगात घालून दाखवलं. चेन छातीपर्यंत आली आणि थांबली.

"बघ की रं. माज्यासाठी आणलं तर तंग झालं."

गेणबानं सगळीकडनं बघितलं. खांद्याची शिवण बघितली, बगल ओढून बघितली. "लईच तंग हाय," तो म्हणाला. "दुकानदारानं फशिवलं तुला. दे हिकडं. वाया कशाला घालवायचं?"

घातलं. मापात बसलं. त्यानं दोन्ही हात वर करून खाली सोडले आणि बाकड्यावर जाऊन बसला. थोड्या वेळानं दळणाला आलेल्या बायकांना सांगताना जयसिंगनं त्याला ऐकलं, "दादाला तंग झालं. वजन वाढलंय त्याचं."

स्वरदाचं काम पुढं सरकलं. दोन हिवाळ्यांपूर्वीची लाइन आणि आजची लाइन तिनं शेजारी शेजारी मांडली. पाचपटीची लाट तेव्हा बारीक होती, आता चांगली वाढलेली आहे. तिच्या प्रबंधात त्या जुन्या नमुन्याचं नाव 'साळूबाई' आहे. तिच्या सरांनी विचारलं, ही कुठली पद्धत? ती म्हणाली, पद्धत नाही सर, गिरणीवाल्या काकू. सरांनी नाव तसंच ठेवलं. कंडेन्सरच्या जोडीला तिनं बारक्या लाटा अडवणारी तारेची एक गुंडाळी बसवून दिली, तेव्हापासून तो उडालेला नाही. नवा पट्टा खुंटीला टांगलेला आहे. जुनाच चालतो. गेणबाच्या बाजेला नवी सुतळी आली.

जयसिंग रोज सकाळी चहाबरोबर तो निरोप ऐकतो. आता एकच आहे, त्यामुळे निवडायचा प्रश्न नाही. गेणबा यायच्या आधी ऐकतो आणि तो आला की बंद करतो, कारण त्याला अजून काही कळलेलं नाही असं ठरलं आहे.

शेवटच्या तुकड्यावर स्वरदाचं काम चालू आहे. ती म्हणते, लाटेला ताल असतो म्हणून ती मोजून काढता येते. मोटरीला ताल आहे, दगडाला आहे, पट्ट्याच्या जोडालाही आहे. ओतलेल्या गव्हाला ताल नाही. तिथे झुंडीला पाय ठेवायला जागा सापडत नाही. जमेल की नाही ते ती सांगत नाही आणि जयसिंग विचारत नाही.

'आन तुमच्यासाठी'च्या पुढचं अजून निघालेलं नाही.